कानाची साक्ष आणि पडदा

गाणें ऐकण्याच्या यंत्रांसंबंधीं सुशिक्षित घरांतून एक वाद वारंवार कानीं येतो. एक पक्ष म्हणतो, "ही महागडी तार जोडल्यापासून तंबोऱ्याचा झंकार अधिक मोकळा वाटतो." दुसरा म्हणतो, "कोणती तार जोडली आहे तें झांकून ठेवा, आणि मग सांगा." पहिल्यास हा आपल्या कानाचा अपमान वाटतो. येथें वारूळवाडीस आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनीं आपल्या पुंजीतील बरीच रक्कम अशा तारांपायीं खर्चिली, आणि त्यावरून घरांत अबोला झाला. तेव्हां हा प्रश्न केवळ थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं.

आमच्या मतें झांकून ऐकण्यांत अपमान मुळींच नाहीं. आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्षास प्रमाण मानलें, परंतु तें अव्यभिचारी असावें अशी अटहि घातली. दोरीच्या ठिकाणीं साप दिसतो तेव्हां मनांतील भीति दृष्टींत मिसळलेली असते. तशीच वस्तूची किंमत ठाऊक असली म्हणजे ती श्रवणांत मिसळते. शिवाय दोहोंपैकीं एक आवाज किंचित् मोठा असला, तर तोच अधिक गोड भासतो.

आकाशवाणीचें उदाहरण पाहावें. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ पर्यंत नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकीर्दींत गायकवादकांच्या चाचणीची पद्धत कडक झाली. परीक्षकांस उमेदवार दिसूं नये, केवळ त्याचें गाणें ऐकूं यावें, अशी योजना होती. कित्येक कलावंतांस तें रुचलें नाहीं, विरोधहि झाला. तथापि नांव, घराणें व वशिला यांस बाहेर ठेवण्याचा हेतु न्याय्यच होता. गवयानें पडद्याआड बसावें आणि तारेनें मात्र आपली किंमत मिरवीत समोर यावें, हा कोठला न्याय?

अमेरिकेंत मेयर व मोरन यांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीचें ध्वनिमुद्रण व तेंच सीडीच्या मापांत उतरविलेलें रूप, यांतील भेद श्रोत्यांनीं न पाहतां ओळखावयाचा होता. ५५४ वेळां विचारलें, २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडवूनहि इतकेंच यश मिळतें.

यावरून भेद कोठेंच नसतो असें मात्र ठरत नाहीं. स्पीकर बदलला तर फरक सहज कळतो. तसेंच अशा परीक्षेनें भेद कळतो कीं नाहीं एवढेंच ठरतें. कोणास काय आवडावें हें ठरत नाहीं.

ज्यांच्या घरीं हा वाद असेल त्यांनीं असें करावें. दोन्ही तारांवर आवाज सारखा करून घ्यावा. एकानें पडद्याआड नाणें उडवून तार जोडावी व आपण बाहेर येऊं नये, बोलूंहि नये. दुसऱ्यानें वीस वेळां ऐकून उत्तरें लिहावीं. दहाच्या आसपास बरोबर आलीं तर रुपये पेटींतच ठेवावे. अठराएकोणीस आलीं तर शंका घेणाऱ्यांनीं मोकळ्या मनानें मान लववावी.