तुमच्या युद्धाचं आमच्याकडचं देणं

अमेरिकी यादवी युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या, त्यावर मालिका काढणाऱ्या आणि संग्रहालयं उभारणाऱ्या मान्यवरांस,



गेटिसबर्गची लढाई, लिंकन यांची भाषणं, ग्रँट आणि ली यांचे डावपेच तुमच्यामुळे आम्हालाही तोंडपाठ झाले. पण 1865 साली ली शरण आले की तुम्ही हिशेबाची वही मिटता, ते मनाला लागतं. कारण त्या युद्धाची किंमत आमचा शेतकरी पुढची दहा वर्षं मोजत होता.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि साहेबाला आमची काळी माती आठवली. वऱ्हाड-खानदेशात भाव कडाडले. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. लढाई थांबली आणि भाव कोसळले. मुंबईतल्या शेअरबाजाराचं दिवाळं आणि तिथले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांची कहाणी आमचेच लोक रंगवून सांगतात. कुणब्याच्या दिवाळ्याला तेवढाही मान नाही.

भाव गेला, कर्ज उरलं. त्यात 1867 मध्ये इंदापूर तालुक्यात सरकारने सारा वाढवला. पुढे इतर तालुक्यांतही तेच झालं. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या वसुलीसाठी कोर्टाची वाट धरली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्याच्या चौकशीतही तुमच्या युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीची दखल घ्यावी लागली.

गुलामांच्या मुक्तीपेक्षा आमचं कर्ज मोठं, असं म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. आमच्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना! इथल्या शेतकऱ्याची दैना रोज पाहणाऱ्या माणसाने तुमचं मोल जाणलं. त्याच्या मुलखाला तुमच्या कथेत दोन ओळींचीही जागा नसावी?

कापसाच्या जागतिक इतिहासात वऱ्हाड शोधणारे अभ्यासक तुमच्याकडे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांचं लेखन ग्रंथालयातून शाळेच्या पुस्तकात आणि पडद्यावर आणा. नाकेबंदीच्या नकाशावरची रेघ लिव्हरपूलला थांबवू नका. मुंबई, वऱ्हाड आणि सुप्यापर्यंत ओढा. शेजारी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका छापा. आमची मागणी एवढीच आहे.

आपला,
वऱ्हाडातला एक कापूस उत्पादक