अंसफलक-भग्न : गुग्गुळाची मुदत कोठे संपते?

अंसफलकाचा भग्न व्यवहारात क्वचितच आढळतो; एकूण अस्थिभग्नांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का मानले जाते. मांसपेशींचे जाड आवरण व उत्तम रक्तपुरवठा यांमुळे हे हाड बहुधा झोळीच्या आधारानेच सांधते. म्हणूनच ते न सांधण्याची शंका वैद्याच्या मनास शिवत नाही, आणि रुग्णाचे नुकसान येथेच होते.

वाहन-अपघातात बरगड्या व फुप्फुसांच्या इजेकडे सर्वांचे लक्ष लागते. खांदा मागे पडतो. पुढे महिनोन्‌महिने हात उचलताना कळ येते, बळ घटते. रुग्ण लाक्षादि गुग्गुळ, आभा गुग्गुळ, अस्थिशृंखला घेत राहतो आणि औषधालयातून डबीमागून डबी जात राहते.

सुश्रुताचार्यांनी संधानास मुदत घातली आहे, याचे स्मरण आम्ही करून देऊ इच्छितो : पूर्ववयात १ महिना, मध्यमवयात २ व उत्तरवयात ३ महिने. अंसफलकास त्यांनी वैकल्यकर अस्थिमर्म म्हटले असून तेथील आघाताने बाहूस सुन्नता वा शोष येतो, असे सांगितले आहे. विषम जुळलेले कांडास्थी पुन्हा मोडून नीट बसवावे, असे सांगणाऱ्या आचार्यांच्या अनुयायांनी शस्त्रकर्मास आपला पराभव का मानावा?

तीन महिने उलटूनही वेदना टिकल्यास तपासणी लांबवू नये. साध्या क्ष-किरण चित्रात बरगड्यांच्या छायेत भेग लपू शकते. सीटी स्कॅनने ती स्पष्ट होते. वेदनारहित असंधानास शस्त्रकर्म लागतेच असे नाही. परंतु वेदना व दौर्बल्य असल्यास, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून, अस्थिशल्यतज्ज्ञ सहसा पाठीमागून छेद घेतात, भग्नाच्या कडांमधील तंतुमय ऊती काढतात, कटीच्या हाडातून घेतलेले अस्थिरोपण तेथे भरतात आणि धातूची पट्टी स्क्रूने बसवून हाड स्थिर करतात.

त्यानंतरही आपले कार्य उरतेच. तंबाखू व धूम्रपान सोडविणे, प्रमेहावर नियंत्रण ठेवणे, पथ्याहार सांगणे आणि शल्यतज्ज्ञांच्या अनुमतीने खांद्याच्या हालचाली करवून घेणे, हे वैद्याचेच काम होय. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी शल्यतज्ज्ञांस शस्त्रकर्मापूर्वीच द्यावी.

औषधालयाच्या चालकांसही आमची विनंती आहे. भग्नासाठी गुग्गुळ मागणाऱ्यास ‘इजा केव्हा झाली?’ एवढे अवश्य विचारावे. उत्तर तीन महिन्यांपलीकडचे असेल, तर पुढची डबी देण्यापूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे. एका डबीची विक्री बुडेल. कदाचित एक हात वाचेल.