वस्तादांची उजळणी



यंदाचा दिवाळी अंक खेळाडूंच्या मनाविषयी आहे. पण अनुक्रमणिका चाळलीत तर खेळाडूंपेक्षा त्यांच्या आजूबाजूची माणसेच जास्त भेटतील. प्रशिक्षक, फिजिओ, संघाचे डॉक्टर, शाळेतले पी.टी.चे सर, तालमीतले वस्ताद, क्रीडा वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम. हे आम्ही ठरवून केले आहे. गेली काही वर्षे जो तो खेळाडूंना सांगतो आहे, मनात ठेवू नका, मोकळेपणाने बोला. खेळाडू बोलूही लागले. आता प्रश्न ऐकणाऱ्यांचा आहे. समोरचा पोरगा बोलायला लागला की पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवले आहे का?

हे संपादकीय चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये बसून लिहितो आहोत. शहरात सुरुवातीला वस्ती झालेल्या सेक्टरांपैकी हा एक. जेन ड्रू यांनी आखलेली साधी, विटांची घरे इथे अजून दिसतात. शास्त्री मार्केटात दिवाळीच्या या आठवड्यात पाऊल टाकायला जागा नाही. पण भल्या पहाटे, दुकाने उघडायच्या आत, याच रस्त्यांवर पाठीला किट अडकवलेली मुले-मुली भेटतात. सेक्टर १६चे क्रिकेट मैदान इथून चालत गाठता येते. कपिल देव त्याच मैदानावर तयार झाले. हरलीन देओल आणि अमनजोत कौर याच भागातल्या. पीजीआय हे मोठे इस्पितळ सेक्टर १२ मध्ये. आणि देशभरचे प्रशिक्षक जिथे घडतात ती राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ साली सुरू झालेली ‘एनआयएस’, दीड-दोन तासांवरच्या पतियाळात. खेळ, औषध आणि शिक्षण हे तिन्ही हाताशी असलेल्या शहरात राहून हा विषय टाळणे आम्हाला जमले नसते.

या शहराचा सर्वांत मोठा खेळाडू अभिनव बिंद्रा. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, दहा मीटर एअर रायफल. भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण. शेवटची गोळी १०.८. हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर काय झाले, हे बिंद्रांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे, पण ते कोणी पाठ केलेले नाही. आयुष्यातला सगळ्यात वाईट मानसिक काळ हरल्यावर आला नाही, जिंकल्यावर आला, असे ते सांगतात. वर्षानुवर्षे ज्या एका गोष्टीसाठी जगलो ती हाती आली आणि उद्या उठून काय करायचे तेच कळेना. खेळ सोडण्यापर्यंत विचार गेला होता. देश हार-तुरे घेऊन दारात उभा असताना आत हे चाललेले. त्या वेळी त्यांच्या भोवती नेमबाजीतले उत्तमोत्तम जाणकार होते. सुवर्ण जिंकलेल्या माणसाला पुढचे काही महिने जपावे लागते, हे शिकवणारा धडा मात्र तेव्हा कुठल्याच प्रशिक्षण वर्गात नव्हता.

दुसरी आठवण ताजी आहे आणि आपल्या घरची आहे. २०२५ची दिवाळी होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि विश्वचषकाची उपांत्य फेरी जिंकून दिली. सामना संपल्यावर पत्रकारांसमोर ती फलंदाजीबद्दल कमी आणि मनाबद्दल जास्त बोलली. स्पर्धेच्या सुरुवातीपासून अस्वस्थतेने घेरले होते, आईला फोन लावून नुसती रडत असे, मध्येच संघातून वगळले गेले, आणि त्या दिवसांत अरुंधती रेड्डी, स्मृती मानधना अशा मैत्रिणी जवळ येऊन बसल्या. आम्हाला तिच्या शतकाइतकेच त्या मैत्रिणींचे कौतुक वाटते. पण त्याबरोबर एक काळजीही वाटते. जेमिमाला आई होती, वडील होते, जाणत्या मैत्रिणी होत्या. जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात घरापासून दोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री दहाला कोण आहे? जी कोण असेल तिला काय माहीत आहे?

आमच्या ओळखीच्या मैदानांवर काय ऐकू येते ते सांगतो. ‘टेन्शन घेऊ नकोस.’ ‘मन खंबीर ठेव.’ ‘नाटकं बंद कर, दोन राउंड जास्त मार.’ हे बोलणारी माणसे वाईट नसतात. पोरांसाठी पदरमोड करणारी, पहाटे चारला उठणारी, स्वतःच्या घरचा डबा शिष्याला देणारी असतात. त्यांना स्नायू ताणला गेला तर चालीवरून कळते. पण झोप उडालेली, सरावाला उशीर होऊ लागलेला, ताटातले अन्न शिल्लक राहू लागलेले, मित्रांपासून तुटलेले, स्कॅनमध्ये काहीच न सापडणारे गुडघ्याचे दुखणे पुन्हा पुन्हा सांगणारे पोर समोर असले की ते म्हणतात, फॉर्म गेलाय. त्यांना हे कोणी दाखवलेलेच नाही, तर दिसणार कसे?

फिजिओच्या टेबलावर तर हे रोज घडते. गुडघ्याचा लिगामेंट तुटला की शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला सहसा नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. या काळात खेळाडूला सगळ्यात जास्त वेळ भेटणारा माणूस फिजिओ असतो. पालथे पडून, तोंड उशीत खुपसून व्यायाम करताना मुले जे बोलतात ते समोरासमोर कधी बोलणार नाहीत. ‘सर, नाही बरा झालो तर काय हो?’ हे वाक्य सहज म्हटलेले असू शकते, किंवा आठवडाभर झोप न लागलेल्या माणसाचे असू शकते. दोन्हींतला फरक कळायला फिजिओला मानसोपचारतज्ज्ञ व्हावे लागत नाही. पुढचे दोन प्रश्न विचारायला यावे लागतात, आणि उत्तर ऐकून कोणाला फोन करायचा ते माहीत असावे लागते.

हे प्रश्न तयार आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये या विषयावर तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. पुढे दोन साधने आली: एक डॉक्टर आणि नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिकांसाठी, दुसरे प्रशिक्षक, पालक आणि खुद्द खेळाडूंसाठी. पहिल्याची सुरुवात अवघ्या दहा प्रश्नांनी होते. गुण १७ किंवा अधिक आले तर पुढची तपासणी: अस्वस्थता, नैराश्य, झोप, दारू-अमली पदार्थ, खाण्याच्या सवयी. ही चाचणी सोळा वर्षे आणि त्यावरच्यांसाठी आहे. समितीचे या विषयाचे अभ्यासक्रमही आहेत, आरोग्य व्यावसायिकांसाठी पदविका आणि प्रशिक्षक वगैरेंसाठी छोटे प्रमाणपत्र.  जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की खेळत असलेल्या उच्च दर्जाच्या खेळाडूंपैकी साधारण एक तृतीयांशांत अस्वस्थतेची किंवा नैराश्याची लक्षणे आढळतात. लक्षणे म्हणजे आजारच असे नव्हे. पण पंधरा जणांच्या संघात पाच जण, एवढा हिशेब प्रत्येक प्रशिक्षकाने मनात ठेवावा.

फक्त प्रशिक्षकांनाच शिकवायचे असेही नाही. डॉक्टरांनाही शिकावे लागेल, आणि याचे उदाहरण बीजिंगचेच आहे. बिंद्रांनी सुवर्ण जिंकले त्याच स्पर्धेत उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जोंग सू याची दोन पदके काढून घेतली गेली. त्याच्या शरीरात प्रोप्रानोलोल सापडले. छातीत धडधडते, हात थरथरतात अशा तक्रारीवर हे औषध आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाते. नेमबाजी आणि तिरंदाजीत मात्र ते बंदी घातलेले आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. उद्या कोल्हापूर-पुण्याची एखादी नेमबाज ‘फार धडधडतं हो’ म्हणत घराजवळच्या दवाखान्यात गेली, आणि डॉक्टरांनी खेळ कोणता ते न विचारता चिठ्ठी लिहिली, तर तिची कारकीर्द तिथेच अडकते. उलट बाजूही तितकीच घातक. नैराश्यावरची नेहमीची बरीच औषधे बंदी यादीत नाहीत, पण डोपिंगच्या भीतीने मुले ती घेतच नाहीत, किंवा मध्येच सोडतात. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवावी लागतात. त्यासाठी होणाऱ्या व्याख्यानांत मधुमेह असतो, हृदयविकार असतो. त्यांतला एखादा तास खेळाडूंसाठी का नसावा?

हे सारे परदेशातून आणायचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही रायपूर राणीला घेऊन जाऊ इच्छितो. चंदीगडजवळचे हरियाणातले हे गाव. १९७५च्या सुमारास पीजीआयच्या मानसोपचार विभागाने, डॉ. एन. एन. विग यांच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात इथे एक प्रयोग केला. खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, हे मान्य करूनच सुरुवात केली. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मनाचे आजार ओळखायला, साधे उपचार चालू ठेवायला आणि गरज पडली तर पुढे पाठवायला शिकवले. ते शिकले. बंगळूरजवळ सकलवारा इथे याच धर्तीवर काम झाले, आणि या अनुभवांच्या पायावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. लसी टोचणारी, मलेरियाचे रक्तनमुने घेणारी माणसे जे शिकू शकली ते बी.पी.एड. झालेल्या शिक्षकाला शिकता येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

महाराष्ट्राकडेही वारसा आहे. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेतून निवृत्त झाले आणि त्यांनी क्रीडा मानसशास्त्राला वाहून घेतले. अंजली भागवत, राहुल द्रविड अशा कितीतरी खेळाडूंना त्यांनी मार्गदर्शन केले, मराठीतून लिहिले, योगाची बैठक देऊन एकाग्रता शिकवली. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या कामाबद्दल आम्हाला अतीव आदर आहे. त्यांच्यामुळे मनाचाही सराव करता येतो हे मराठी क्रीडाविश्वाला पटले. पण नेम लागावा म्हणून मन तयार करणे हे एक काम आणि मन आजारी पडले आहे हे ओळखणे हे दुसरे. पहिल्याची गोडी आपल्याला लागली आहे. ‘मेंटल कंडिशनिंग’वाल्यांचे फलक आता तालुक्याच्या गावीही दिसतात. दुसऱ्याला अजून वाली नाही.

तर मग काय करावे? आमच्या मते नवी संस्था काढू नये. शाळांतल्या शिक्षकांना बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावेच लागते. त्यात क्रीडाशिक्षकांसाठी मनाचे आजार ओळखण्याचा हा भाग घालता येईल. बारा वर्षांचे अंतर फार मोठे आहे, म्हणून क्रीडा खात्याने दर दोन-तीन वर्षांनी एका दिवसाची उजळणी ठेवावी. फुटबॉलमध्ये आशियाई महासंघाचा परवाना टिकवायला प्रशिक्षकाला दर तीन वर्षांनी नव्याने शिकल्याचे दाखवावे लागते. कुस्ती, कबड्डी, खो-खोने तसे का करू नये? साहित्य मराठीत हवे, आणि उदाहरणे तालमीतली हवीत. वजनी गटासाठी दोन दिवस पाणी तोडणाऱ्या पैलवानाच्या मनाचे काय होते, हे वस्तादाला त्याच्याच भाषेत सांगायला हवे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये शंभर ग्रॅमसाठी विनेश फोगाट बाद झाली तेव्हा तालमीतालमीत वजनाच्या काट्याची चर्चा झाली, त्या रात्रीच्या तिच्या मनःस्थितीची झाली नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसणार आहोत, ती म्हणजे गुप्तता. खेळाडूने फिजिओला सांगितलेले निवड समितीच्या कानावर जाते, असे एकदा जरी घडले तरी त्या संघात पुढची पाच वर्षे कोणी तोंड उघडत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ रुग्णाला माहिती गुप्त राहण्याचा हक्क देतो, तो मैदानाच्या कुंपणाशी संपत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा कोणाला, किती सांगायचे याचेही नियम आहेत, आणि तेही शिकवावे लागतात. प्रशिक्षक हाच निवड करणारा, हाच सुट्टी देणारा आणि हाच मनातले विचारणारा असेल तर मुले खरे बोलणार नाहीत. म्हणून प्रत्येक केंद्रावर निवडीशी संबंध नसलेला एक माणूस नेमावा, आणि त्याचे नाव सूचनाफलकावर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकाशेजारी लिहावे. हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनाशुल्क आहे. आमच्या लेखकांनी यंदा ज्या क्रीडा वसतिगृहांना भेटी दिल्या तिथल्या फलकांवर त्यांना तो दिसला नाही.

या प्रशिक्षणाची पहिली तुकडी कोणाची घ्यावी, यावर संपादक मंडळात बराच वाद झाला. काहींचे मत राष्ट्रीय पातळीवरच्या प्रशिक्षकांच्या बाजूने पडले. आमचे मत रेक्टर आणि वॉर्डन यांच्या बाजूने आहे. दिवे मालवल्यावर कोणाच्या खोलीत अजून मोबाईल चमकतो, कोण जेवायला खाली आली नाही, सुट्टीत घरी जायचे कोण टाळते, हे त्यांनाच ठाऊक असते. आणि आजवरच्या कुठल्याही क्रीडा प्रशिक्षण वर्गाच्या पत्रिकेवर आम्ही त्यांचे नाव पाहिलेले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात दोन दिवसांचा वर्ग त्यांच्यापासून सुरू करता येईल.