गाडीवानाला दंड, वजनकाट्याला माफी (थ्रेड)

१/ गाळप हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या वाटेवर उसाने शिगोशीग भरलेल्या टायरगाड्या दिसू लागतात. चढावर एखादा बैल गुडघे टेकतो, व्हिडिओ पसरतो आणि निकाल लागतो : गाडीवान क्रूर! हा निकाल सोपा आहे. म्हणूनच तो तपासला पाहिजे.

२/ १८९० च्या वसाहतकालीन कायद्याने जनावराला निर्दयपणे मारणे, त्यावर अतिभार लादणे हा गुन्हा ठरवला. मात्र कृत्य सार्वजनिक जागी किंवा रस्त्यावरून दिसेल असे घडलेले हवे. बैलाच्या वेदनेइतकीच पाहणाऱ्याच्या नजरेची ही काळजी होती. रस्त्यावर दिसतो तो गाडीवान; सावकार वा व्यापारी दिसत नाही.

३/ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ही चौकट ओलांडली. कलम ११ नुसार अतिभार लादणारा दोषी, तसाच तो लादविणाराही दोषी. जखमी वा आजारी जनावर जुंपणे हाही गुन्हा. दंड मात्र पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये. दंडाची कमाल मर्यादा १८९० मध्ये १०० रुपये होती. ७० वर्षांनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ती निम्मीच होती.

४/ १९६५ च्या नियमांनी तपशील दिला : बैलाचा आकार आणि गाडीची चाके पाहून ओझ्याची मर्यादा, दिवसाला ९ तासांहून अधिक काम नाही, सलग ५ तासांनंतर विश्रांती, अणकुचीदार आरीला बंदी.

५/ मग अतिभार का? पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन हंगामाला निघतो. मजुरी टनावर मिळते. जितके टन, तितकी उचल फिटते. येथे क्रौर्याचा उगम स्वभावात नसून हिशेबात आहे.

६/ १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. सहकाराने ऊस उत्पादकाला सभासद केले. तोडणारा आणि ओढणारा मात्र सभासदांच्या यादीबाहेरच राहिले.

७/ प्रत्येक गाडीचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि पावतीवर उतरते. अतिभाराचा लेखी पुरावा लादविणाऱ्याच्या दप्तरातच असतो. तरीही चौकशी चाबकापाशी सुरू होते आणि तेथेच संपते.

८/ बैलगाडा शर्यतीचा वाद २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत गाजला. तो व्हायलाच हवा होता. पण शर्यत काही क्षणांची. ऊसवाहतूक महिनोन्‌महिने चालते. तिच्यासाठी तसा आवाज उठला नाही.

९/ ‘मजूर गरीब आहे, त्याला सोडा’ हा बचावही अपुरा. जुवाखालच्या जखमेला मालकाची गरिबी कळत नाही. गाडीवानाची जबाबदारी उरतेच. ती एकट्याची नाही, एवढेच.

१०/ म्हणून मागणी दोन कलमी असावी. मर्यादेबाहेर भरलेली गाडी काट्यावर स्वीकारली जाऊ नये. आणि कायदेशीर ओझ्यात मजुराचे घर चालेल असा दर मिळावा. पहिली दुसरीवाचून लागू केली, तर शिक्षा पुन्हा मजुरालाच होईल. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावणाऱ्या समाजाने हंगामात त्याच खांद्यावरचे वजनही वाचावे. ते पावतीवर छापलेले आहे.