परसांतील मुरुडशेंग

ज्या घरांत बाळगुटी उगाळली जाते त्या घरांत मुरुडशेंग ठाऊक नाहीं असें माणूस विरळा. दोरखंडासारखा पीळ पडलेली ती शेंग सहाणेवर चार वळसे घेते आणि पुन्हां डब्यांत जाते. परंतु तिचें झाड दाखवा म्हटलें, तर आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीं पुष्कळजण निरुत्तर होतील. सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंतच्या पानझडी जंगलांतील हें आपलेंच झुडूप आहे. लिनियसनें १७५३ सालीं हेलिक्टेरिस या नांवानें त्याची नोंद केली. त्या ग्रीक शब्दांतही पीळच आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील वाचकांनीं तें परसांत लावावें असें आम्ही सुचवितों, तें औषधाकरितां नव्हे. तो विचार वैद्यांवर सोडावा. उन्हाळ्यांत जेथें टँकरची वाट पाहावी लागते, तेथें गुलाबाचे वाफे दोन वेळां भिजवावयाचे, आणि तें पाणी वाहावयाचें बहुधा घरांतील सुनांनीं! अशा बागेचें कौतुक आम्हांस वाटत नाहीं. मुरुडशेंगेस पहिले एकदोन उन्हाळे ओल राखली कीं पुढें ती मुरमाड जमिनींतही आपला निर्वाह करते. पानें गाळून स्वस्थ बसते व पावसाबरोबर पालवते.

पावसाळ्यांत तिला विटकरी लाल फुलें येतात. मध नळीच्या तळाशीं, आणि पुंकेसर एका लांब वांकड्या दांड्याच्या टोकाशीं. शिंजीर मधासाठीं चोंच आंत घालतो तेव्हां पराग त्याच्या अंगास माखतात व पुढील फुलास पोंचतात. इंग्रजी पुस्तकांत मुलें ज्या हमिंगबर्डचीं चित्रें पाहतात, तो अमेरिकेबाहेर रानांत आढळत नाहीं. आपला शिंजीर त्याच्या कुळांतील नव्हे, पण धंदा तोच. आणि विणीच्या दिवसांत नराचा जांभळा-निळा झगमगाट एकदां पाहिलेलें मूल चित्र मागणार नाहीं.

बी टणक असतें. उकळून खालीं उतरविलेल्या पाण्यांत तें रात्रभर भिजवून मृगाच्या सुमारास पेरावें. दुकानांतील जुनाट शेंगेवर विसंबूं नये. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरील ताजी शेंग मागून घ्यावी. ज्ञानगंगा अभयारण्यांतून रोप उपटून आणण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. तें कायद्याविरुद्ध आहे. झुडूप पुरुषभर उंच होतें, म्हणून कुंपणाकडेस लावावें व लहानपणीं शेळ्यांपासून जपावें.

त्यावर विषारी औषध फवारूं नये, कारण शिंजीर पिलांस किडेच भरवितो. त्याचें पिशवीसारखें लोंबतें घरटें कधीं ओसरीच्या तारेवरही आढळतें. आढळल्यास पिलें उडून जाईपर्यंत त्या तारेवर धुणें घालूं नये.