मनाची नर्स व्हायचंय? मग जवळची वाट धरू नका



आपल्या समाजात मुलगी डॉक्टर होणार म्हटलं की पेढे वाटतात. सीए झाली, फार्मसीला गेली, तरी घरादाराला आनंद. नर्सिंगला जाते म्हटलं की मात्र घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आणि त्यातही मानसिक रुग्णांची नर्स म्हटलं तर आजी देवासमोर हात जोडून "हे कसलं खूळ" म्हणून मोकळी होते.

तरी गेल्या दोन-तीन वर्षांत लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या आपल्या मुलींकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "काकू, पीएमएचएनपी करू का? कुठून सुरुवात करू?" कुणी इथून बी.एस्सी. नर्सिंग करून गेलेली, कुणी बी.कॉम., कुणी बी.फार्म. माझ्या नणंदेची मुलगी ॲरिझोनात हेच काम करते, म्हणून हे प्रश्न माझ्या दारी येतात. तिच्याशी तासन् तास बोलून माझं एक मत तयार झालंय. ते थोडक्यात असं: हे शिक्षण जरूर घ्या, घरच्यांनी त्याला पैसा आणि वेळ द्यावा, पण सगळ्यात लवकर संपणारी वाट निवडू नका.

हे काम नेमकं काय?

पीएमएचएनपी म्हणजे सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर. ही समुपदेशक नव्हे आणि एम.डी. झालेली डॉक्टरही नव्हे. ती मुळात नर्स असते. पण पदव्युत्तर शिक्षण घेऊन ती रुग्णाला तपासते, आजाराचं निदान करते, औषध लिहून देते, बोलण्यातून उपचारही करते. लहान मुलांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सगळे तिचे रुग्ण.

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी सुरू केली, तीही लहान मुलांच्या तपासणीसाठी. मनाच्या नर्सिंगची मुळं त्याहून जुनी. हिल्डेगार्ड पेपलाऊ नावाच्या नर्सनं १९५२ साली पुस्तक लिहून सांगितलं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा गाभा आहे. त्यांनीच पुढे न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात मनोरुग्णांच्या नर्ससाठी पदव्युत्तर शिक्षण उभं केलं. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मुलींसाठी ही जागा किती जवळ आहे बघा.

वाटा कोणत्या?

एक गोष्ट आधी पक्की करा. कोणत्याही वाटेनं गेलं तरी आधी रजिस्टर्ड नर्स व्हावंच लागतं आणि त्यासाठी एनक्लेक्स-आरएन परीक्षा द्यावी लागते. ती टाळून कुणी काही सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

नर्सिंगची चार वर्षांची पदवी आणि आरएनचा परवाना असेल, तर मास्टर्स म्हणजे एमएसएन साधारण दोन ते तीन वर्षांचं. दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन आरएन झालेल्यांसाठी पदवी आणि मास्टर्स जोडणारे अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्याच विषयात पदवी घेतलेल्यांपुढे दोन पर्याय असतात. एक, बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची दुसरी पदवी घ्यायची, नोकरी करायची आणि मग मास्टर्स. दोन, डायरेक्ट एंट्री, म्हणजे सुमारे तीन वर्षांत नर्सिंग आणि मास्टर्स सलग. त्यापुढे डीएनपी ही डॉक्टरेट. पदवीनंतर थेट केली तर तीन ते चार वर्षं, आणि पदवीनंतरचं प्रत्यक्ष काम एकूण १००० तास. आधीच दुसऱ्या शाखेची नर्स प्रॅक्टिशनर असेल तिला फक्त पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट पुरतं.

शिक्षण संपल्यावर एएनसीसीची परीक्षा देता येते, आणि ते प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. मग राज्याचा परवाना. इथे राज्याराज्यांत फरक आहे. ॲरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरांशी लेखी करार लागतो. नवऱ्याची बदली कुठे होईल याचा भरवसा नसतो, तेव्हा हे आधीच विचारात घ्यावं.

इथून नर्सिंग करून गेलेल्यांना तिकडे कागदपत्रांची छाननी करून घ्यावी लागते. प्रत्येक विषयाचे वर्गातले आणि वॉर्डातले तास मोजले जातात. हे दाखले कॉलेजकडून आणि आपल्या नर्सिंग कौन्सिलकडून परस्पर जावे लागतात. एकदा परदेशी गेलात की इथल्या कॉलेजच्या खिडकीवर तुमच्यासाठी हेलपाटे कोण घालणार? म्हणून लग्न ठरलं की बस्त्याच्या यादीत हे कामही लिहून टाका.

जवळची वाट का नको?

आता माझं मत. ज्यांना नर्सिंगचा काहीच अनुभव नाही त्यांनी सलग तीन वर्षांत औषध लिहिण्यापर्यंत पोहोचायची घाई करू नये. आरएन झाल्यावर निदान दोन वर्षं वॉर्डात काढावीत, शक्यतो मनोरुग्णांच्याच.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. अमेरिकेत सायकियाट्रिस्ट व्हायला चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर चार वर्षं रेसिडेन्सी लागते. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात रुग्णासमोरचे किमान तास, नव्या राष्ट्रीय निकषांनुसार, ७५०. आठवड्याला चाळीस तास धरले तर हे पाच महिनेही भरत नाहीत. मधली दरी कशानं भरायची? ती वॉर्डातल्या कामानंच भरते. रात्री तीन वाजता झोप न येणारा माणूस कसा येरझाऱ्या घालतो, औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी कुणाचे हात थरथरतात, "मी बरी आहे" म्हणणारीचे डोळे काय सांगतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. येलसारखं नावाजलेलं विद्यापीठसुद्धा दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांना सलग वाटेनं घेतं. पस्तिशीत शिकायला येणारी बाई संसाराची, माणसांची जाण घेऊन येते, ती विशीतल्या मुलीकडे नसते, हेही खरं. पण माणसाची जाण असणं आणि लिथियमची मात्रा ठरवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या शाळेत, भक्कम देखरेखीत सलग शिकणारी तरून जाईल. पण फोनवर रोज दिसणाऱ्या "घरबसल्या, नोकरी सांभाळून, झटपट" अशा जाहिरातींवर माझा विश्वास नाही.

ऑनलाइन शिक्षण वाईट असतं असं मी म्हणत नाही. लेकुरवाळीला तोच आधार. फक्त चार प्रश्न विचारल्याशिवाय फी भरू नका. अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे का? तुम्ही राहता त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना ते घेतात का? पास होणाऱ्यांचं प्रमाण किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्यक्ष काम शिकवणारा प्रिसेप्टर शाळा शोधून देते की तुम्हीच शोधायचा? कित्येक ठिकाणी तो विद्यार्थिनीनंच शोधायचा असतो. नव्या देशात ओळखीपाळखी नसताना दवाखान्यांना फोन करत बसायचं, आणि प्रिसेप्टर मिळाला नाही तर सत्र वाया.

पैशाची गोष्ट

एच-फोर व्हिसावर शिकता येतं, पण काम करायला वेगळा परवाना लागतो. तो हाती नसेल तर आरएन होऊनही घरी बसावं लागेल, मग वॉर्डातला अनुभव कुठून येणार? काही राज्यांत तर नर्सच्या परवान्यासाठीच सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. म्हणून आधी ते तपासा. सरकारी शैक्षणिक कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, एच-फोरला नाही. त्यातही १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे कर्ज बंद करायचं आणि बाकीच्या कर्जावर मर्यादा घालायची, असा कायदा २०२५ साली झाला. उलट बरीच हॉस्पिटलं आपल्या आरएनच्या पुढच्या शिक्षणाचा काही खर्च उचलतात. म्हणजे लांबची वाट खिशालाही परवडते.

सासरच्या मंडळींना एकच सांगणं. मुलाला दुकान टाकून द्यायचं तर आपण पाच वर्षं नफ्याची वाट बघतो. सुनेच्या शिक्षणाला मात्र दुसऱ्याच वर्षी "अजून किती?" असं विचारतो. विद्या हेही भांडवलच आहे, आणि त्याला आग लागत नाही.

आपल्यातली नर्स का हवी?

माझा खरा मुद्दा पगाराचा नाहीच. लिथियम हे मूड फार चढण्या-उतरण्याच्या आजारावरचं जुनं, गुणकारी औषध. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, जिवावरही बेतू शकतं. आता आपल्या घरातलं पर्व आठवा. कुणी निर्जळी उपवास करतं, कुणी दहा दिवस मीठ सोडतं. अशी बाई लिथियम घेत असेल, तर परक्या डॉक्टरला हे विचारायचं सुचेल का? आणि ती स्वतःहून सांगेल का? आपल्यातली नर्स पर्वाच्या महिनाभर आधीच विचारेल, "ताई, यंदा काय नेम धरणार?" आणि त्याप्रमाणे रक्त तपासून, त्याग कोणता झेपेल ते सांगेल. (तुमच्या घरी कुणी हे औषध घेत असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. मनानं गोळी मात्र बंद करू नका.)

तसंच कॅप्सूलचं. तिचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य. आपली सासू ती मुकाट्यानं टाकून देते आणि "घेतली" म्हणते. जाणती नर्स तेच औषध साध्या गोळीत किंवा पातळ स्वरूपात मिळतं का ते बघेल. एखादी मुलगी सतत उपवास करते तेव्हा तो धर्म आहे की जेवणाचीच भीती बसलीय, हा फरक ओळखायला उपवास आतून माहीत असलेलं माणूस लागतं. आणि मुलाकडे राहायला गेलेले आजी-आजोबा "उदास वाटतं" असं कधी म्हणत नाहीत. "छातीत धडधडतं, अंगात कस नाही" एवढंच म्हणतात. ते मराठीत ऐकणारं कुणीतरी हवं.

रात्रपाळीचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. वॉर्डातली पाळी बहुधा बारा तासांची, सात ते सात. माझ्या भाचीनं त्या वर्षांत रात्री अन्न घेतलं नाही, पाण्याची मात्र सूट ठेवली होती. आता तिचं काम दिवसाचं, दवाखान्यातलं. दोन-तीन वर्षांची अडचण आहे, जन्माची नाही. शिवाय रोग्याची सेवा, वैयावृत्त्य, हे आपल्याकडे सहा अंतरंग तपांपैकी एक मानलंय. तप म्हणायचं आणि मुलीनं केलं की नाक मुरडायचं, हे मला पटत नाही.

इथल्या मुलींसाठी

भारतात ही वाट वेगळी आहे. इथे मानसोपचार नर्सला स्वतःच्या सहीनं अमेरिकेतल्यासारखी औषधं लिहिता येत नाहीत. पण चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. मानसोपचार विषयात करता येते, किंवा आरएन असताना एक वर्षाची पदविका. बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीचं केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान ही त्यातली मोठी नावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मेंटल हेल्थ नर्सची व्याख्याच दिलेली आहे, म्हणजे या कामाला कायद्यात जागा आहे. कामाची गरज केवढी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्यात आपल्याही घरातली माणसं असणार. आपण फक्त त्यांना "जरा चिडचिडी आहे", "देवभोळी आहे" अशी नावं देतो.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखादी मुलगी म्हणाली की मला मनाची नर्स व्हायचंय, तर तिला आधी विचारा, कोणत्या वाटेनं? उत्तर नीट असेल तर तिचं पोर दुपारी तुमच्याकडे ठेवून घ्या. तिच्या अभ्यासाला तेवढी मदत कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा कमी नाही.