विश्लेषण : हार्ट फेल्युअरचा रुग्ण घरी आल्यावर मोबाइल ॲप किती कामाचे?

अकोल्याचे सर्वोपचार असो की अमरावतीचे इर्विन, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला सुटी मिळते तेव्हा सोबत फाइल आणि गोळ्यांची पिशवी असते. पुढच्या तपासणीपर्यंत रोजची देखरेख रुग्ण आणि घरच्यांनीच करायची असते. हे काम सोपे करण्याचा दावा करणारी ॲप्स आता सहज मिळतात. त्यांचा खरेच उपयोग होतो का?

हार्ट फेल्युअर म्हणजे काय?

हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाचा पंप कमजोर होतो आणि शरीराला लागते तेवढे रक्त पुढे जात नाही. मग अंगात पाणी साचते. पाय सुजतात, आडवे पडले की दम लागतो. देशातील ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत रुग्णांचे सरासरी वय ६० च्या आसपास होते आणि सातपैकी एक रुग्ण ९० दिवसांतच दगावला. म्हणजे सुटीनंतरचे पहिले तीन महिने सर्वांत नाजूक.

ॲप नेमके काय करते?

वजन, रक्तदाब आणि नाडीची नोंद ठेवते, गोळीची वेळ झाली की अलार्म वाजवते, सूज आणि दम याबद्दल विचारते. यात वजन सर्वांत महत्त्वाचे. एक लिटर पाणी साचले की एक किलो वजन वाढते आणि ही वाढ अनेकदा सूज दिसण्याआधीच काट्यावर दिसते. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजन वाढले, तर डॉक्टरांशी बोलायलाच हवे.

संशोधन काय सांगते?

निकाल संमिश्र आहेत. अमेरिकेत १,६५३ रुग्णांना रोज फोन करून यंत्राच्या आवाजाला आपली लक्षणे आणि वजन सांगायला लावले. २०१० मध्ये निकाल आला, फायदा शून्य. १४ टक्के रुग्णांनी एकदाही फोन केला नव्हता. जर्मनीत मात्र दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत रोजची आकडेवारी बर्लिनच्या केंद्रात जायची आणि तिथे डॉक्टर, परिचारिका २४ तास हजर असत. २०१८ च्या निकालानुसार वर्षाला दर १०० रुग्णांमागे मृत्यू सुमारे ११ वरून ८ वर आले. आकडे दोन्हीकडे गोळा झाले. मोठा फरक होता तो ते लगेच पाहून हालचाल करणाऱ्या माणसांचा.

आपल्याकडे असा अनुभव आहे का?

रक्तदाबाचा आहे आणि तो शेजारच्या वर्ध्यातला आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे राज्यातील सुरुवातीचे जिल्हे होते. तिथे ‘सिंपल’ हे ॲप रुग्णाच्या नव्हे, तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या मोबाइलमध्ये होते. तारीख उलटूनही न आलेल्या रुग्णांची यादी त्यात दिसायची आणि कर्मचारी त्यांना फोन करायचे.

वऱ्हाडात अडचण कुठे?

पहिली अडचण उन्हाची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले असते, लघवीच्या गोळ्या सुरू असतात आणि घाम वाहत असतो. अशा वेळी वजन वाढण्याइतकेच ते झपाट्याने घटणेही धोक्याचे. चक्कर आली, लघवी कमी झाली, तर गोळीचा डोस डॉक्टरांना विचारायला हवा. ‘ऊन लागलं’ म्हणून ओआरएस पाजण्याआधीही विचारा, त्यात मीठ असते.

दुसरी अडचण भाषेची. बरीच ॲप्स इंग्रजीत आहेत आणि जेवणाच्या यादीत ठेचा, लोणचे, पापड, कुरडई नाहीत. मीठ तर तिथेच जास्त असते. तिसरी अडचण फोनची. अनेक घरांत स्मार्टफोन मुलाकडे असतो आणि मेळघाटातील कित्येक गावांत रेंजच नसते.

मग आज काय करता येईल?

- रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा. ॲप नसेल तर कॅलेंडरवर लिहा.
- सुटी होतानाच विचारा : वजन वाढले तर कोणत्या नंबरवर, कुणाला सांगायचे? पाणी आणि मीठ किती?
- गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अंगात पाणी साचते.
- कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका. दंडावर पट्टा बांधायचे यंत्र वापरा.
- डॉक्टरांचा सल्ला सरकारच्या ‘ई-संजीवनी’वर मोफत मिळतो. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी तो जोडून देऊ शकतात.
- बसल्या जागी दम लागला, छातीत दुखले, शुद्ध हरपली तर ॲप उघडत बसू नका. १०८ लावा.

पुढे काय हवे?

उपकेंद्रात अधिकारी आहेत, गावात आशाताई आहेत, ई-संजीवनीवर डॉक्टर आहेत. रुग्णालयातून सुटी झालेल्या रुग्णाचे नाव त्याच दिवशी उपकेंद्राच्या यादीत आले आणि पहिले तीन महिने आठवड्याला एक फोन गेला, तर वर्ध्याची पद्धत इथेही वापरता येईल. त्यासाठी नव्या ॲपपेक्षा तो फोन कुणी करायचा, हे आधी ठरवावे लागेल.